खपली धरलेलं संत्रं

डिसेंबरातली संध्याकाळ. नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारात, म्हणजे बर्डीवर, एका हातगाडीवाल्याने क्रेट आडवा केला आणि तळातून दोन संत्री एकापाठोपाठ घरंगळत आली. दोघांच्याही अंगावर नखाएवढा ओरखडा होता, देठापासून दोन बोटं खाली, जवळपास सारख्याच जागी. एकाचा ओरखडा तपकिरी पडून टणक झालेला, बोट फिरवलं तर लाखेसारखा गुळगुळीत लागेल असा. दुसऱ्याच्या ओरखड्याभोवती रुपयाएवढी साल पिळपिळीत झालेली, तिच्यावर कापसासारखं पांढरं आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध शेवाळी हिरवी पूड. गाडीवाल्याने हिरवं झालेलं संत्रं दोन बोटांत धरून बाजूला टाकलं, तशी दिव्याच्या उजेडात पुडीची बारीकशी धूळ उडाली आणि कुबट, आंबूस वास नाकात शिरला. खपलीवालं त्याने पंच्याने पुसलं आणि पुढच्या रांगेत मांडलं.

क्रेट एकच, जखमही तशीच. मग एक वाचलं आणि एक गेलं, ते का?

नागपुरात सडलेल्या संत्र्याचं कुणाला नवल नाही. कळमन्याच्या घाऊक बाजारात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या फळांची, आवक सुरू झाली की ढिगाच्या कडेला सडक्या फळांचा वेगळा ढीग असतोच, आणि नासाडी जाईलच हे गृहीत धरूनच भाव बोलला जातो. या गृहीत धरण्यामुळेच तो प्रश्न कुणी विचारत नाही. सडलेल्या फळाकडे सगळे बघतात, जखम होऊनही न सडलेल्या फळाकडे कुणी बघत नाही. खरं तर शिकण्यासारखं आहे ते त्याच्यापाशी.

हिरवी पूड म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम या बुरशीचे बीजाणू. ही बुरशी लिंबूवर्गीय फळांवरच जगते, आणि तिची एक मोठी अडचण अशी की धडधाकट साल तिला स्वतःहून फोडता येत नाही. तिला दार उघडं मिळावं लागतं. ते दार आपण उघडतो. तोडताना कात्री न वापरता फळ पिळून ओढलं की देठाशी साल फाटते. तोडणाऱ्याची नखं वाढलेली असतात. देठाची काडी लांब ठेवली तर ती क्रेटमधल्या शेजारच्या फळात रुतते. ट्रकमध्ये खाली अंथरलेल्या तणसाची टोकंही टोचतात. आणि माणसाचा हात लागण्याआधीच, आंबियाचं फळ पिकायला लागलं की रात्री रस शोषणारे पतंग येतात, ते टाचणीएवढं भोक पाडून जातात. पहाटेच्या दवात तोडलं तर सालीतल्या तेलाच्या पिशव्या टच्च भरलेल्या असतात. जरा दाब पडला की त्या फुटतात आणि बाहेर आलेलं तेल आजूबाजूच्या पेशी जाळून टाकतं. म्हणून दव सुकल्यावर तोडा करायचा. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण गाडी दारात उभी असली की पाळलं जात नाही.

एका सडक्या संत्र्यावर एक-दोन अब्ज बीजाणू तयार होतात. क्रेट आपटला की उडतात ते हेच. जखमेत पडलेला बीजाणू 24-25 अंश तापमानात तीन ते पाच दिवसांत पुन्हा नवी हिरवी पूड तयार करतो. तिची बहीण, निळी बुरशी, पेनिसिलियम इटालिकम, हिला थंडी जास्त मानवते. शिवाय एका फळाला लागली की टेकलेल्या शेजाऱ्यातही शिरते, म्हणून शीतगृहात निळ्या बुरशीने फळांचे घोसच्या घोस एकमेकांना चिकटलेले सापडतात.

पण ही झाली बुरशीची बाजू. झाडावरून तोडलेलं फळ मेलेलं नसतं, हे आपण विसरतो. ते श्वास घेतं, पाणी सोडतं, त्याच्या सालीतल्या पेशी जिवंत असतात. ओरखडा पडला की काठावरच्या पेशी मरतात, आणि त्यांच्या मागच्या रांगेतल्या पेशींना ते कळतं. त्या इथिलीन हा वायू सोडतात, पेरॉक्साइडसारखी तिखट रसायनं ओततात, जखमेच्या कडेला लाकडासारखा लिग्निन भरायला घेतात. संत्र्याच्या सालीत स्कोपॅरोन नावाचं एक द्रव्य जखमेनंतर तयार होतं, ते बुरशीला मारक असतं. बुरशीही स्वस्थ बसत नाही. ती आम्ल सोडून जागा आंबट करते आणि पेरॉक्साइड निकामी करणारं कॅटॅलेज वापरते. म्हणजे पहिले दोन दिवस त्या नखाएवढ्या जागेत चुरस चालू असते, आणि बाहेरून आपल्याला काहीही दिसत नाही.

या चुरशीत फळाच्या हातात जी हत्यारं असतात, त्यांतली सगळ्यांत देखणी म्हणजे त्याची प्रथिनं.

बुरशीच्या पेशीची भिंत कुडाच्या भिंतीसारखी असते, असं समजा. कुडात काड्या असतात आणि त्यांवर माती लिंपलेली असते. बुरशीच्या भिंतीत काड्यांच्या जागी कायटिन, म्हणजे झिंग्याच्या टरफलात आणि किड्यांच्या पाठीवर असतं तेच. आणि मातीच्या जागी ग्लुकान नावाची साखरेची लांब साखळी. संत्र्याच्या सालीच्या वरच्या नारंगी थरात कायटिनेज आणि ग्लुकानेज अशी दोन प्रथिनं थोडीफार आधीपासून असतात आणि जखम झाली की वाढतात. एक काड्या कापतं, दुसरं लिंपण सोडवतं. एकट्या कायटिनेजने बऱ्याच बुरशींचं फारसं बिघडत नाही, कारण काड्या मातीखाली झाकलेल्या असतात. दोन्ही एकत्र आली की कोवळं टोक, जिथून बुरशी वाढते, तेच फुटतं. वाटाण्याच्या शेंगांतली ही दोन प्रथिनं वेगळी काढून हे 1988 साली नीट दाखवलं गेलं. झाडाच्या स्वतःच्या पेशींत कायटिन नाहीच, त्यामुळे काड्या कापणाऱ्या या कात्रीपासून झाडाला धोका नाही. आणि तुटलेले कायटिनचे तुकडे फळासाठी पुन्हा निरोपाचं काम करतात: शत्रू आत आलाय, आणखी प्रथिनं तयार करा.

दुसरं घराणं थॉमॅटिनसारख्या प्रथिनांचं. थॉमॅटिन मूळचं पश्चिम आफ्रिकेतल्या एका झाडाच्या फळातलं, साखरेपेक्षा हजारो पटींनी गोड. त्याचे भाऊबंद मात्र बहुतेक गोड नसतात, पण बांधा तोच. त्यांतलं ऑस्मोटिन 1980च्या दशकात अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात सापडलं, मिठाच्या पाण्यात वाढायची सवय केलेल्या तंबाखूच्या पेशींत. ही प्रथिनं बुरशीच्या भिंतीआडच्या पातळ पडद्याला गळती लावतात. यांच्या साखळीत सहसा सोळा सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली अमिनो आम्लं, असतात आणि त्यांच्या आठ गंधकाच्या गाठी. गोधडीला जागोजागी टाके घालावेत तशी ती घट्ट शिवलेली असतात, म्हणून आम्लात, उन्हात, पचनरसांतही सहजी उसवत नाहीत. याचा पुरावा वाइनवाल्यांना विचारा. द्राक्षाने बुरशीशी लढायला केलेली हीच प्रथिनं आणि कायटिनेज आंबवण्याच्या प्रक्रियेतूनही टिकतात, आणि पांढरी वाइन बाटलीत उबेला राहिली की गढूळ होते. ती नितळ ठेवायला बेंटोनाइटची माती घालून ही प्रथिनं खाली बसवावी लागतात.

तिसरं मला सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण त्याचा धागा आपल्या बागेपर्यंत येतो. फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. बुरशी पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज नावाचं विकर सोडून ते पेक्टिन विरघळवते. पिळपिळीत झालेली साल म्हणजे हेच. ते विकर पकडून ठेवणारं एक प्रथिन झाडाच्या पेशीभिंतीत असतं. ते 1971 साली पहिल्यांदा घेवड्यात आणि इतर काही वनस्पतींत दाखवलं गेलं. नासपतीतल्या या प्रथिनाचा जनुक टोमॅटोत घातला, तर टोमॅटोवर राखाडी बुरशीचा डाग हळू वाढला. आणि जपानी संशोधकांनी ज्या झाडाच्या पानांत याचा जनुक शोधला, ते झाड म्हणजे जंबेरी. काटोल-नरखेडपासून वरूड-मोर्शीपर्यंत संत्र्याच्या कलमाखाली जो खुंट असतो, तोच हा जंबेरी! बुरशीचं विकर पानाला लावलं की जंबेरीत या प्रथिनाचं उत्पादन वाढतं. त्याच सुमारास असंही दिसलं, की संत्र्याच्या पोटात काळी सड करणाऱ्या अल्टरनेरिया या बुरशीच्या एका जातीतून हे विकर काढून टाकलं तर तिची सडवण्याची ताकद खूपच कमी होते. खुंटातलं प्रथिन वर फळात चढतं असं मात्र कुणी समजू नये. प्रत्येक पेशी आपलं प्रथिन आपणच घडवते.

डिफेन्सिन हे चौथं. पन्नासेक अमिनो आम्लांचं, इवलंसं, चार गंधकाच्या गाठी मारलेलं. मुळ्याच्या बियांतलं डिफेन्सिन 1992 साली बेल्जियममधल्या लुव्हेनच्या प्रयोगशाळेने वेगळं काढलं. बी भिजून फुगलं, टरफल फाटलं, की ते आजूबाजूच्या ओल्या मातीत पाझरतं आणि कोवळ्या मोडाभोवती बुरशीला दूर ठेवणारं कुंपण तयार होतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या शेवग्याच्या बियांतही कायटिनला चिकटणारं, बुरशी रोखणारं प्रथिन आहे, आणि तेही उष्णतेला दाद न देणारं.

मग ही प्रथिनं काढून फळांवर फवारली की काम झालं, असं कुणालाही वाटेल. प्रयोगशाळेच्या बशीत ती खरंच चालतात. बाजारात अडतं ते दुसरीकडे. मुळ्याच्या डिफेन्सिनचा जोर पाण्यात कॅल्शियम असला की ओसरतो, आणि आपल्या विहिरींचं पाणी जड आहे. किलोभर बियांतून मिळणारं शुद्ध प्रथिन हातात मावेल एवढंही नसतं. आणि एक गंभीर गोष्ट अशी, की न उसवणारं प्रथिन माणसाच्या पोटातही सहज उसवत नाही. सफरचंद आणि चेरीतली थॉमॅटिनसारखी प्रथिनं काहींना ॲलर्जी करतात. रबराच्या चिकात कायटिन धरणारं हेवीन नावाचं प्रथिन असतं. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्या काही माणसांना केळं किंवा ॲव्होकॅडो खाल्लं तरी ओठ सुजतात, कारण त्या फळांतल्या कायटिनेजचा एक भाग हेवीनसारखाच आहे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण इथे चालत नाही. त्यामुळे बाहेरून प्रथिन आणून लावण्यापेक्षा फळाचं स्वतःचं प्रथिन वेळेत जागं करणं, हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

ते जागं करता येतं, आणि त्याला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. इस्राएलमध्ये ग्रेपफ्रूट फिरत्या ब्रशांवरून नेताना 62 अंशांच्या पाण्याने फक्त 20 सेकंद धुतले. घाण आणि बीजाणू निघालेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सालीत कायटिनेज आणि ग्लुकानेज गटातली प्रथिनं वाढली, आणि धुतल्यानंतर एक ते तीन दिवसांनी बुरशी टोचली तर सड कमी झाली. या एक ते तीन दिवसांतच सगळं रहस्य आहे. प्रथिन घडायला वेळ लागतो. बुरशी आधी आत शिरली असेल तर नंतरचं गरम पाणी उशिरा आलेल्या पावसासारखं.

ब्रशांची ओळ नसेल तर 52-53 अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवण्याची पद्धतही लिंबूवर्गीय फळांवर वापरली गेली आहे. इथे चुका ठरलेल्या असतात. वीस किलोचा थंड क्रेट लहान टाकीत सोडला की पाणी लगेच चार-पाच अंशांनी उतरतं, मग आच वाढवली जाते आणि बर्नरच्या बाजूची फळं भाजतात. पाणी फळांच्या निदान पाच-सहा पट हवं, सतत ढवळतं हवं, आणि थर्मामीटर मधोमध हवा, काठाशी नाही. पंचावन्नच्या पुढे गेलं की साल भाजण्याचा धोका वाढतो, आणि तो डाग लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी तपकिरी पट्टे उमटतात. ग्रेपफ्रूटची साल जाड; आपल्या संत्र्याची पातळ, सुटी, आतला पांढरा थर नावापुरता. म्हणून आधी वीस-पंचवीस फळांवर करून तीन दिवस थांबावं, मगच क्रेट सोडावेत. बाहेर काढल्यावर सावलीत, पंख्याखाली, एका थरात सुकवावीत. ओलीच भरली तर केलेलं सगळं पाण्यात.

दुसरी पद्धत क्युअरिंगची, म्हणजे फळ उबेला ठेवून जखम भरू देण्याची: 36 अंश, तीन दिवस, हवेत 95 टक्क्यांच्या वर दमटपणा. हिरवी बुरशी या तापमानाला जवळपास थिजते, आणि फळ मात्र कामाला लागतं, लिग्निन भरतं, स्कोपॅरोन तयार करतं. नागपूरला 36 अंश काय नवे नाहीत. मृग बहाराचं फळ येतं तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढायलाच लागलेलं असतं. पण आपली उष्णता कोरडी आहे, आणि तिथेच हा प्रयोग फसतो. कोरड्या हवेत जखमेच्या काठच्या पेशी खपली धरण्याआधीच वाळून मरतात, फळ सुरकुततं, वजन घटतं. बंद खोली, ओली फरशी, भिंतींना ओल्या गोणपाटाचे पडदे, क्रेट एकमेकांपासून चार बोटं दूर, आणि दमटपणा मोजायला ओला-कोरडा थर्मामीटर. प्लास्टिकने क्रेट गुंडाळू नये. आतून थेंब साचतात आणि फळावर टपकतात. तीन दिवसांच्या वर ताणलं किंवा तापमान चाळिशीकडे गेलं तर चव उतरते. आणि हे तोड्यानंतर एक-दोन दिवसांच्या आत सुरू झालं पाहिजे.

आणखी एक मेख आहे. देठाकडून सडवणारी बुरशी, जी देठाच्या चकतीखाली आधीच लपून बसलेली असते, तिला 28-30 अंशांची ऊब आवडते. हिरवट आंबिया फळाला रंग यावा म्हणून इथिलीन देऊन उबेत ठेवतात, तेव्हा हीच देठसड उफाळते. इथिलीन सालीतली कायटिनेज-ग्लुकानेजही वाढवतं, आणि देठाची चकती सैल करून दारही उघडतं. एकाच वायूची ही दोन टोकं. म्हणून रंगासाठी ठेवायची फळं देठाची चकती शाबूत ठेवून, कात्रीने तोडलेलीच हवीत.

झिंग्याच्या टरफलातून काढलेलं कायटोसान सालीवर लावायचाही एक उपाय आहे. साल त्याला बुरशीचीच भिंत समजते आणि हत्यारं उपसायला लागते. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, सौम्य व्हिनेगरसारख्या आम्लात विरघळवावं लागतं. गुठळ्या राहिल्या तर सालीवर पांढरे ठिपके दिसतात आणि ग्राहकाला वाटतं औषध मारलंय.

यातलं काहीही म्हाताऱ्या सालीवर तेवढं चालत नाही. भाव येईल म्हणून फळ झाडावर लांबवलं की आतला रस गोड होतो, आणि साल थकते. कोवळ्या सालीतल्या तेलातलं सिट्रल बुरशीला मारक असतं, ते वयाबरोबर घटत जातं. नासपतीतलं विकर पकडणारं प्रथिनही फळ पिकताना उतरतं. बहुतेक फळांची हीच कथा आहे, पण मिरची वेगळी निघाली. कोरियातल्या एका जातीवर पाहिलं तर हिरव्या मिरचीवर करपा पसरतो आणि लाल झालेल्या मिरचीत तो अडतो. पिकतानाच तिच्यात डिफेन्सिन आणि थॉमॅटिनसारखं प्रथिन वाढतं. बियांचं रक्षण करायची वेळ आली की मिरची पहारा वाढवते. संत्र्याला ते जमलेलं नाही, म्हणून त्याचा पहारा आपल्याला सांभाळावा लागतो: वेळेवर तोडा, कात्री, सुकलेलं दव, आणि साठवायचं तर 6-7 अंश. त्याहून फार खाली नेलं तर सालीवर खळगे पडतात, आणि त्या खळग्यांतून पुन्हा तीच बुरशी.

थायाबेंडाझोल, इमाझालिल ही औषधं दशकानुदशकं हे काम करत आली. त्यांचा नेम बुरशीच्या एकेकाच जागेवर असतो, आणि अब्जावधी बीजाणूंत ती जागा जराशी बदललेला एखादा असतोच; पुढच्या हंगामात त्याचीच पिल्लावळ. फळ मात्र एकावेळी काड्या कापतं, लिंपण सोडवतं, पडदा भोकसतं, विकर पकडतं आणि वर लाकडाची भिंत घालतं. पाच बाजूंनी एकदम अंग चोरणं बुरशीला कठीण जातं.

हिवाळ्यात संत्रं सोलताना सालीचा फवारा दिव्याच्या ज्योतीवर मारून ठिणग्या उडवण्याचा खेळ विदर्भातल्या घराघरांत चालतो. त्या ठिणग्या, तो डोळ्यांत चुरचुरणारा वास, ही त्याच पहाऱ्याची एक बाजू. प्रथिनांना वास नाही, रंग नाही, म्हणून ती कुणाच्या आठवणीत राहत नाहीत. ती दिसतात फक्त खपलीच्या रूपात.

बर्डीवरच्या त्या गाडीवर खपलीवालं संत्रं एका गिऱ्हाईकाने उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि डाग आहे म्हणून परत ठेवलं. गाडीवाल्याने ते स्वतःसाठी सोललं. खपलीच्या खाली आतल्या पांढऱ्या थरावर हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळट, कडक ठिपका होता. त्याच्या खालची फोड अख्खी, तुकतुकीत, रसाने भरलेली.